दहापासून खाली : मॉडेल विमानांच्या कसरती, गुणांकन आणि वैमानिकांच्या चुका

गेल्या अंकात रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानांच्या कसरतींच्या स्पर्धेविषयी लिहिले होते. त्यानंतर सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांत ‘माझे गुण का कापले’ हा एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आहे. पुढील उत्तरांत नियमांचा उल्लेख येतो तो, वेगळे सांगितले नसेल तर, आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या, म्हणजे ‘एफएआय’च्या, एफ-थ्री-ए या प्रकाराचा आहे, कारण आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, भरणाऱ्या छोट्या स्पर्धाही बहुधा त्याच पद्धतीने गुण देतात.

प्रश्न : माझा लूप पाहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण गुण मिळाले पाच आणि साडेपाच. परीक्षकांना असे काय दिसले जे प्रेक्षकांना दिसले नाही? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, देवगड)

उत्तर : प्रेक्षक विमान पाहतात आणि परीक्षक विमानाने हवेत काढलेली रेषा पाहतात, हा मुख्य फरक आहे. विमान किती झोकात वर गेले, इंजिनाचा किंवा मोटरचा आवाज कसा घुमला, रंगसंगती कशी होती, यांपैकी कशालाही गुण नाहीत. परीक्षक प्रत्येक कसरतीची सुरुवात दहा गुणांनी करतो आणि दोष दिसेल तसतसे अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्याने खाली येतो. शून्यापासून वर चढत जाण्याची, म्हणजे ‘बरे झाले, सात देऊ’ अशी पद्धत येथे नाही, निदान नसावी.

भूमितीतील चुकीसाठी ढोबळ माप असे आहे की ठरलेल्या आकृतीपासून सुमारे १५ अंशांचे विचलन झाले की एक गुण जातो. पंचेचाळीस अंशांची चढती रेषा साठ अंशांची झाली तर एक गुण गेला. हेच माप सगळीकडे नाही. मोठ्या, खऱ्या विमानांच्या प्रतिकृती उडवणाऱ्यांची ‘आयमॅक’ ही संघटना पाच अंशांना अर्धा गुण कापते, म्हणजे तीच रेषा तिथे दीड गुणाला पडते. म्हणून स्पर्धेला जाण्यापूर्वी संयोजकांना कोणती नियमपुस्तिका वापरणार हे विचारून घ्यावे.

आता आपल्या लूपकडे वळू. लूप म्हणजे विमानाने हवेत काढलेले उभे वर्तुळ, आणि वर्तुळ म्हणजे सर्वत्र सारखी त्रिज्या. वारा नसताना एलेव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीची, स्टिक एकाच जागी धरून ठेवली तर विमान वर्तुळ काढत नाही, कारण तळाशी गुरुत्वाकर्षण वळणाच्या विरुद्ध काम करते आणि शिखरावर वळणाला मदत करते. त्यामुळे वरची गोलाई आखडते. ते टाळण्यासाठी शिखराजवळ स्टिक किंचित सैल सोडावी लागते. नवशिक्यांच्या हातून नेमके उलट घडते. विमान उलटे झाले की मन घाबरते, अंगठा आपोआप अधिक ओढतो, मग विमान खाली येताना वेग वाढला की तोच अंगठा एकदम सुटतो आणि उतरत्या बाजूला एक सपाट तुकडा तयार होतो. असा प्रत्येक सपाट तुकडा किंवा टोक म्हणजे अर्धा ते एक गुण. दोन तुकडे, आखडलेला माथा, लूप संपताना सुरुवातीच्या उंचीपेक्षा खाली येणे आणि मध्यरेषेच्या खांबापासून बाजूला सरकलेले केंद्र, एवढे एकत्र आले की पाच-साडेपाच हा आकडा अन्यायाचा वाटत नाही.

शिवाय लूप सुरू होण्यापूर्वीची आणि संपल्यानंतरची सरळ, समतल रेषा हा कसरतीचाच भाग आहे. आपण लिहिले आहे की ‘वळून आलो आणि लगेच ओढले’. तेथेच पहिला गुण गेला असणार. वैमानिकांच्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक चुका कसरत सुरू होण्याच्या आधीच्या तीन-चार सेकंदांत पेरल्या जातात, असे माझे अनेक वर्षांच्या पाहण्यातून झालेले मत आहे. पंख जरा तिरके, नाक जरा वर, उंची जरा कमी, आणि मग पुढची सगळी आकृती त्या तिरकेपणावर उभी राहते.

एक उपाय सांगतो. मोबाईल तिपाईवर लावा, लूप पूर्ण मावेल इतके दृश्य घ्या आणि कॅमेरा न हलवता चित्रण करा. घरी आल्यावर ते संगणकाच्या पडद्यावर लावून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि दर अर्ध्या सेकंदाला चित्र थांबवून विमान असेल तेथे पेन्सिलीने ठिपका द्या. कागद काढून ठिपके जोडले की जे दिसते ते परीक्षकाला दिसले होते. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा माझ्या कागदावर नारळासारखा, एका बाजूला निमुळता आकार उमटला होता. तोवर माझा लूप गोल आहे याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

प्रश्न : आमच्याकडे दुपारी समुद्रावरून जोराचा वारा येतो. विमान सरळ नेण्यासाठी नाक वाऱ्याकडे वळवून ठेवावे लागते. नाक तिरके दिसते म्हणून परीक्षक गुण कापतात का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : कापू नयेत. नियम स्पष्ट आहे : विमानाचे नाक कोठे आहे हे पाहायचे नाही, विमानाचा मार्ग पाहायचा आहे. वारा कितीही असला तरी आकृती कागदावर जशी दाखवली आहे तशीच हवेत उमटली पाहिजे, आणि त्यासाठी विमानाला वाऱ्याविरुद्ध जो तिरकेपणा घ्यावा लागेल तो दोष नाही, कौशल्य आहे. उभी चढती रेषा घेताना पश्चिमेचा वारा असेल तर विमान पश्चिमेकडे काही अंश झुकलेले दिसायलाच हवे. जो वैमानिक विमान काटकोनात उभे करतो त्याचे विमान ‘सरळ’ दिसते, पण त्याची रेषा पूर्वेकडे कललेली असते आणि गुण त्याचे जायला हवेत. स्थानिक स्पर्धांतील नव्या परीक्षकांकडून येथे चूक होते, हे मला खेदाने मान्य करावे लागते.

कोकणात हा प्रश्न अधिक बारकाईने समजून घ्यावा लागतो, कारण आपला वारा दिवसात दिशा बदलतो. पहाटे आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, हलका आणि बहुधा एकसारखा. मग मधे एक वेळ अशी येते की काहीच हलत नाही. सड्यावर उभे असताना ती वेळ ओळखू येते : विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, खांबाला चिकटून लोंबते, गडग्याच्या कडेचे वाळलेले गवत स्थिर होते, आणि कातळाची धग पायाला जाणवू लागते. त्यानंतर पश्चिमेकडच्या उतारावरचे गवत आधी लवते, ती लवण सरकत आपल्यापर्यंत येते आणि खारा वारा सुरू होतो. उन्हाळ्याच्या दिवसांत तो बहुतेक वायव्येकडून येतो आणि दुपारी चांगला भरतो. सकाळी आठला उडालेला स्पर्धक आणि दुपारी दोनला उडालेला स्पर्धक प्रत्यक्षात दोन वेगळ्या परीक्षा देत असतात.

आता दिशांचे गणित पाहू. ऊन डोळ्यांत येऊ नये म्हणून वैमानिक शक्यतो उत्तरेकडे तोंड करून उभा राहतो. विमान त्याच्यासमोर सुमारे १५० मीटरवर पूर्व-पश्चिम रेषेत उडते. वायव्येचा वारा या रेषेत अर्धा समोरून-मागून लागतो आणि अर्धा आडवा लागतो, आणि हा आडवा भाग विमानाला वैमानिकाकडे ढकलतो. म्हणजे विमान पश्चिमेकडे जात असो वा पूर्वेकडे, नाक किंचित उत्तरेकडे, म्हणजे आपल्यापासून दूरच्या बाजूला, ठेवावे लागते. हे रडरने, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या उभ्या पट्टीने, करायचे. अनेकजण वाऱ्याकडचा पंख खाली करून विमान सावरतात. त्यामुळे विमान जागेवर राहते खरे, पण पंख समतल नसल्याचा दोष प्रत्येक रेषेवर परीक्षकाच्या समोर येतो.

सरळ उड्डाणात एवढे जमले तरी लूपमध्ये हीच दुरुस्ती घात करते, आणि या एका मुद्द्यावर मी थोडे थांबतो, कारण तो फार कमी जणांनी नीट समजावून सांगितलेला आढळतो. समजा, विमान पश्चिमेकडे जात आहे आणि त्याचे नाक पाच अंश उत्तरेला वळलेले आहे. या स्थितीत आपण फक्त एलेव्हेटर ओढला. विमान शिखरावर उलटे होऊन पूर्वेकडे तोंड करते तेव्हा तेच नाक आता पाच अंश दक्षिणेला, म्हणजे आपल्याच बाजूला, वळलेले असते. वारा आपल्याकडे ढकलतो आहे आणि नाकही आपल्याकडे आहे, तेव्हा तळाशी जी दुरुस्ती होती ती शिखरावर वाऱ्याला साथ देते. लूप संपेपर्यंत विमान दीडशे मीटरवरून पार जवळ आलेले असते. यावर उपाय असा की चढायला लागतानाच उत्तरेकडच्या पंखाच्या बाजूचा रडर, पश्चिमेकडे जाताना उजवा आणि पूर्वेकडे जाताना डावा, हळूहळू भरत न्यायचा, शिखरावर तो सर्वांत जास्त ठेवायचा आणि उतरताना तसाच हळूहळू काढायचा. विमान उलटे असले तरी त्याचा उजवा पंख लूपभर उत्तरेलाच राहतो, त्यामुळे रडरची बाजू बदलत नाही. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की अंगठा गोंधळत नाही.

वाऱ्याच्या रेषेतला जो भाग आहे त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. वाऱ्यावर तोंड करून लूप सुरू केला तर तळाशी जमिनीच्या संदर्भात वेग कमी आणि शिखरावर जास्त असतो, म्हणून तळाशी सावकाश आणि शिखरावर अधिक ओढावे लागते. वारा पाठीवर घेऊन सुरू केला तर उलट. वर देवगडच्या विद्यार्थ्याला ‘शिखरावर सैल सोडा’ असे सांगितले आहे, ते शांत हवेसाठी, हे या दोन्ही उत्तरांच्या वाचकांनी लक्षात घ्यावे.

अंतराविषयी. विमान १७५ मीटरच्या पलीकडे गेले की परीक्षकाने गुण कापायचे असतात, कारण तेथे रेषा नीट दिसतच नाही. पण वायव्येच्या वाऱ्यात जवळ येण्याचा धोका मोठा आहे. कसरतींचा चौकट-प्रदेश, ज्याला आपण सगळे ‘बॉक्स’ म्हणतो, तो मध्यरेषेच्या डाव्या-उजव्या बाजूंना साठ-साठ अंश आणि वर साठ अंश असा मोजतात. दीडशे मीटरवर या बॉक्सची रुंदी सुमारे ५२० मीटर भरते, तर शंभर मीटरवर ती जेमतेम ३४६ मीटर उरते. विमानाचा वेग तोच, आकृतींची संख्या तीच, आणि जागा एक-तृतीयांशाने कमी. मग आकृती बॉक्सच्या बाहेर जाते आणि वैमानिकाला कळत नाही की आपण नेहमीसारखेच उडवत असताना असे का झाले.

वाऱ्याच्या या नियमाला एकच अपवाद आहे. स्टॉल टर्नच्या माथ्यावर आणि स्पिनमध्ये (या दोन्ही कसरती पुढच्या उत्तरांत समजावल्या आहेत) विमानाची हवेवरची पकड सुटलेली असते, तेव्हा तेवढ्या वेळात ते वाऱ्याबरोबर वाहिले तर गुण कापत नाहीत.

प्रश्न : मला एका कसरतीत आठ गुण मिळाले, मित्राला दुसऱ्या कसरतीत सात, तरी एकूण बेरजेत त्याची कसरत जास्त भरली. शिवाय शेवटी सगळ्यांचे गुण हजारात बदलतात ते कशासाठी? (एक गणित शिक्षक, चिपळूण)

उत्तर : प्रत्येक कसरतीला अवघडपणाचा एक गुणक असतो, त्याला ‘के-फॅक्टर’ म्हणतात. परीक्षकाचे गुण त्याने गुणले जातात. गुणक दोन असलेल्या कसरतीतील आठ म्हणजे सोळा आणि गुणक चार असलेल्या कसरतीतील सात म्हणजे अठ्ठावीस. यातून सरावाचा क्रमही ठरवता येतो : आधी मोठ्या गुणकाच्या कसरती सुधारा.

फेरी संपली की त्या फेरीतील सर्वोत्तम स्पर्धकाला १००० गुण आणि इतरांना त्याच्या प्रमाणात गुण देतात. सर्वोत्तमाची बेरीज ४२० आणि आपली ३८० असेल तर आपले सुमारे ९०५. मतलई वाऱ्यातली सकाळची फेरी आणि खाऱ्या वाऱ्यातली दुपारची फेरी यांच्या कच्च्या बेरजा एकमेकींत मिसळल्या तर दुपारची फेरी कवडीमोल ठरेल. हजाराच्या मापामुळे दोन्ही फेऱ्यांना सारखे वजन राहते. मोठ्या स्पर्धांत प्राथमिक चार फेऱ्यांपैकी उत्तम तीन धरतात, त्यामुळे एखादी बिघडलेली फेरी माणसाला संपवत नाही.

प्रश्न : माझ्या स्टॉल टर्नला एका परीक्षकाने शून्य आणि दुसऱ्याने सहा दिले. एकाच कसरतीत एवढा फरक कसा? की ओळख पाहून गुण देतात? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि दुसऱ्या भागातली व्यथा मला समजते, म्हणून दोन्हींची उत्तरे देतो.

स्टॉल टर्नमध्ये विमान उभे चढते, जवळजवळ थांबते, आपल्या गुरुत्वमध्याभोवती कोलांटी न घेता बाजूला फिरते आणि आले त्याच रेषेत खाली उतरते. फिरताना त्याने जेवढी मोठी कमान घेतली तेवढे गुण कमी होत जातात आणि कमानीची त्रिज्या दोन पंखलांब्यांइतकी किंवा त्याहून जास्त झाली की ती स्टॉल टर्न राहत नाही, ‘विंगओव्हर’ होते आणि तिला शून्य द्यायचे असते. आपले विमान त्या मर्यादेच्या अगदी काठावर असावे. एका परीक्षकाने ते मर्यादेच्या आत धरले आणि दुसऱ्याने बाहेर. शून्यावर सर्व परीक्षकांचे एकमत असलेच पाहिजे अशी अट अशा बाबतीत नाही, प्रत्येकाने आपल्याला दिसले तसे लिहायचे असते.

चूक बहुधा रडरच्या वेळेची असते. वेग असताना रडर दिला की विमान उडतच वळते आणि कमान मोठी होते. फार उशीर केला तर विमान मागे घसरू लागते किंवा पुढे-मागे पडते. नेहमीच्या, वैमानिकाच्या बाजूने पाहता उजवीकडे फिरणाऱ्या पंख्याच्या विमानात डावीकडची स्टॉल टर्न सोपी जाते, कारण पंख्यामागचा फिरता झोत शेपटीला त्याच दिशेने मदत करतो. एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन पंखे असलेल्या विमानांत हा फरक उरत नाही आणि म्हणूनच वरच्या पातळीवर अशी मोटर लोकप्रिय झाली आहे. फिरून खाली तोंड झाल्यावर शेपटी लंबकासारखी हलली तर त्याचेही गुण जातात. रडर अर्धे वळण झाल्यावर सोडून क्षणभर उलटा दिला की ते हलणे थांबते. हा उलटा रडर किती आणि केव्हा, हे प्रत्येक विमानात निराळे असते आणि ते रोज दहा-वीस वेळा करूनच हाताला कळते.

आता ओळखीचा प्रश्न. १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये ड्युबेनडॉर्फ येथे या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि अमेरिकेचे एड काझमिर्स्की जिंकले, तेव्हापासून आजपर्यंत गुण माणसाच्या डोळ्यानेच दिले जात आहेत. डोळा थकतो आणि मनाला अपेक्षेची सवय लागते. नावाजलेला वैमानिक उडत असला की परीक्षकाची पेन्सिल आठच्या आसपास जाऊन थांबते आणि नवख्याची सहाच्या आसपास, मग दोघांनीही काहीही केले तरी. हा पक्षपात जाणूनबुजून होत नाही, पण होतो, आणि तो टाळण्याचा मार्ग म्हणजे प्रत्येक दोष दिसताच मनात मोठ्याने मोजणे : दहा, साडेनऊ, साडेआठ.

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर मी परीक्षक होतो. मागच्या कसरतीचा आकडा कागदावर नीट उमटला नाही म्हणून मी तो पुन्हा गिरवला आणि मान वर केली तेव्हा समोरच्या चढत्या रेषेवरचा अर्धा रोल, म्हणजे विमानाची स्वतःच्या लांबीभोवतीची अर्धी फिरकी, होऊन गेला होता. नियमाप्रमाणे अशा वेळी ‘पाहिले नाही’ अशी नोंद करायची असते, मग इतर परीक्षकांच्या गुणांची सरासरी त्या जागी धरतात आणि स्पर्धकाचे काहीच नुकसान होत नाही. ती नोंद करायला मला संकोच वाटला आणि मी सात लिहिले. संध्याकाळी निकाल लागला तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात फार थोडे अंतर होते. त्या सातने क्रम बदलला की नाही हे मी हिशेब करून पाहिले आणि तो बदलला नव्हता, तरी ते सात मला आजही टोचतात. तेव्हापासून कसरत संपेपर्यंत मी कागदाकडे पाहत नाही. शेजारी लेखनिक बसवतो आणि आकडा तोंडाने सांगतो. आपल्या भागातील संयोजकांना माझी विनंती आहे की प्रत्येक परीक्षकाला एक लेखनिक द्यावा. शाळेतील नववी-दहावीची मुले हे काम उत्तम करतात आणि त्यांना खेळही कळतो.

प्रश्न : स्नॅप रोल आणि स्पिन यांना फार कमी गुण मिळतात. दोन्ही वेळा विमान गरागरा फिरते, मग चूक काय? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : फिरणे पुरेसे नाही, पंखांवरची उचल तुटून फिरले पाहिजे. स्पिनमध्ये विमान समतल रेषेत वेग कमी करत येते, उंची न सोडता थांबते, आणि मग नाक व पंख एकदम पडतात. आपण वेग असतानाच रडर आणि एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) देऊन विमान गोल-गोल खाली आणत असाल तर तो स्पिन नाही, उतरता सर्पिल आहे आणि त्याला शून्य आहे. स्नॅप रोलमध्ये नाक आधी झटक्याने उडण्याच्या रेषेपासून हटले पाहिजे. ते न हटता विमान नुसते एलेरॉनने फिरले किंवा पिंपासारखे घरंगळले तर पाचांहून अधिक गुण कापावेत असे मार्गदर्शन आहे. खालून, विमानाच्या शेपटीकडे लक्ष ठेवून पाहिले तर शेपटी शंकूच्या आकारात फिरते की नाही ते कळते.

प्रश्न : विमानाच्या आकाराची मर्यादा किती, आणि आमच्या गावच्या सड्यावर परवानगीशिवाय उडवता येते का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : एफ-थ्री-ए मध्ये पंखांची लांबी आणि एकूण लांबी प्रत्येकी दोन मीटरपर्यंत आणि वजन पाच किलोपर्यंत चालते. विजेवर चालणाऱ्या विमानात बॅटरी या वजनात धरतात.

परवानगीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ड्रोन नियम, २०२१ यांत पंचवीस किलोपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी डोळ्यांच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेलची स्वतंत्र व्याख्या आहे. पण हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे आणि लाल विभाग आपल्यालाही लागू आहेत, आणि हिरव्या विभागात मोकळीक आहे ती ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत. दीडशे मीटर अंतरावर साठ अंश वर म्हणजे २६० मीटर उंची होते, हे बॉक्सचे गणित येथे आडवे येते. पूर्ण आकाराच्या कसरती करायच्या तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी आधी घ्यावी लागेल, आणि चिपी विमानतळासारख्या चालू विमानतळाच्या परिसरात तर नकाशा पाहिल्याशिवाय ट्रान्समीटर चालूही करू नये. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर तो नकाशा आहे. जमिनीच्या मालकाची आणि गुरे चारणाऱ्यांची संमती घ्यावी, हे मी वेगळे सांगायला नको.

प्रश्न : माझी मुलगी स्पर्धेत उतरते आणि मी तिच्या मागे उभी राहून कसरतींची नावे सांगते. मागच्या वेळी तिने एक रोल उलट्या दिशेने केला, मग पुढच्या दोन कसरतींचेही गुण गेले. माझी चूक झाली का? मी काय आणि केव्हा सांगावे? (एक पालक, मालवण)

उत्तर : ताई, आपण करता त्या कामाला ‘कॉलर’ म्हणतात आणि नियमांनी वैमानिकाला असा एक मदतनीस दिलेला आहे. आंतरराष्ट्रीय क्रमात सतरा कसरती असतात, उड्डाणाला आठ मिनिटे असतात, आणि वैमानिकाने विमानावरून नजर काढायची नसते. अशा वेळी मागून येणारा आवाज हाच तिचा कागद असतो.

चुकीच्या दिशेच्या रोलला शून्य मिळाले ते नियमाप्रमाणेच. पुढच्या दोन कसरती गेल्या त्याचे कारण असे की आपण ‘अगं, उलटा झाला’ असे म्हणालात, असे पत्रात लिहिले आहे. त्या क्षणी तिचे लक्ष मागे गेले, विमान बॉक्सच्या टोकाला पोहोचले आणि वळणाची कसरत उशिरा सुरू झाली, म्हणून मध्यावरची कसरत मध्यावर आलीच नाही. झालेल्या कसरतीविषयी विमान खाली उतरेपर्यंत एक शब्दही बोलू नये. एका शून्याचे नुकसान तेवढ्यावर थांबते, बोलण्याने ते पसरते.

काय सांगावे, तर तीन गोष्टी, याच क्रमाने : कसरतीचे नाव, पहिली क्रिया, आणि बाहेर पडताना विमान सरळ असेल की उलटे. ‘स्टॉल टर्न, वर अर्धा रोल, बाहेर सरळ’ एवढे पुरे. केव्हा सांगावे, तर आधीची कसरत संपून समतल रेषा सुरू झाल्याबरोबर, विमान वळणाच्या मध्ये असताना नाही. मध्यावरच्या कसरतीपूर्वी खांब जवळ येताना ‘आता’ असा एक शब्द द्यावा, पण तो शब्द तिला खांबाच्या किती आधी हवा आहे हे तिलाच विचारून ठरवावे, कारण प्रत्येकाचा हात वेगळ्या वेगाने चालतो. वारा बदलला की तेही सांगावे. विंडसॉक आपल्याला दिसते, तिला दिसत नाही.

घरी सराव करता येतो. पुठ्ठ्याचे किंवा थर्माकोलचे हातभर लांबीचे विमान करा, अंगणात फरशीवर खडूने मध्यरेषा आणि दोन्ही टोके आखा, आणि आपण कागद वाचत असताना तिला ते विमान हातात धरून पूर्ण क्रम चालत करायला सांगा. रोल डावा की उजवा याविषयी शंका आली तर ती येथेच येते आणि येथेच सुटते. कागदावर प्रत्येक कसरतीच्या नावापुढे बाणाने दिशा काढा, आणि वारा डावीकडून असेल तेव्हाचा एक व उजवीकडून असेल तेव्हाचा एक असे दोन कागद वेगवेगळ्या रंगाचे ठेवा, कारण सकाळी मतलई असताना जो क्रम डावीकडे जाताना सुरू होतो तोच दुपारी उजवीकडे जाताना सुरू होऊ शकतो, आणि आपल्या मुलीचा तो रोल, आपण दिलेली वेळ पाहता, नेमका वारा फिरल्यानंतरच्या पहिल्या उड्डाणातला आहे.